धक्क्यावरचं वेळापत्रक

"औषध एकच," एन्डला म्हणाली,
"सकाळचं, थायरॉईडचं. बाकी काही नाही."

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. ओरिस्सारेच्या या दुकानात
महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येते,
हातमोजे काढून काउंटरवर एकावर एक ठेवते.
चिठ्ठीवरचा आकडा वर्षात दुसऱ्यांदा वाढलेला:
पन्नास, मग पंचाहत्तर, आता शंभर.
तरी तिला थंडी वाजते, केस कंगव्यात येतात,
बसल्या बसल्या डोळा लागतो.

मी प्रश्न फिरवून विचारला:
सकाळी टेबलावर काय काय असतं?

मग पोटातलं ओठावर आलं,
म्हणजे पिशवीतून काउंटरवर:
लेकीनं, क्युल्लीनं, तुर्कूहून पाठवलेलं कॅल्शियम,
एकेक गोळी खडूच्या तुकड्याएवढी;
रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून मॅग्नेशियम;
शेजारणीनं उरलेली अर्धी बाटली दिली, ते लोह.
"ही काय औषधं आहेत?" ती म्हणाली,
जसं कुणी म्हणावं, हे पाहुणे नाहीत, घरचेच.
"दगडमातीतलंच सगळं. आमचं अख्खं बेट चुनखडीचं."

आणि हे घेता कधी?
"एकदम. मूठभर. दुधाच्या कॉफीबरोबर.
एकटीसाठी किती वेळा पेला विसळायचा?"

हिला शोषण, बंध वगैरे सांगून काय होणार होतं?
पण कुइवास्तूच्या धक्क्यावर एकतीस वर्षं
हिनं फेरीबोटीची तिकिटं फाडलेली.
म्हटलं, समजा बोट लागली आहे,
तुमची छोटी गोळी उतरायला दारात उभी,
आणि कॅल्शियमनं तिचा हात घट्ट धरलाय.
सोडत नाही. दोघं उतरतच नाहीत.
बोट तशीच पुढं निघून जाते.

"म्हणजे तिकीट काढून माणूस किनाऱ्याला पोचलाच नाही?"
नाही पोचला.
"वर्षभर?"

तिनं माझ्या खिशातलं पेन स्वतःच काढून घेतलं.
पिशवीच्या पाठीवर, जुन्या सवयीच्या अक्षरात:
सहा वाजता गोळी, नुसतं पाणी.
सातला कॉफी.
कॅल्शियम दुपारच्या जेवणाला. मध्ये चार तास हवेत,
तिनं बोटांवर मोजले, पाच भरले, खूश झाली.
मॅग्नेशियम निजताना.
लोहाला मी थांबवलं: आधी रक्त तपासू,
दुसऱ्याच्या बाटलीवर आपलं रक्त चालत नाही.
तिनं लिहिलं, "रद्द," आणि खाली रेघ ओढली,
वादळाच्या दिवशी ओढायची तशी.

आता शंभरची गोळी पुरती पोचायला लागली
तर छातीत धडधडेल, म्हणून डॉक्टरांना फोन मी लावला.
सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तिनं तेही लिहिलं.

पिशवी घडी करताना तळाशी काही अडलं.
मिठाचा डबा.
"वाम्बोलासाठी आणला होता," ती म्हणाली,
"कमी सोडियमचा. हृदयाला बरा, असं लिहिलंय."

मी डबा फिरवला. बारीक अक्षरात: पोटॅशियम.

वाम्बोलाची रक्तदाबाची गोळी मीच द्यायचो,
आणि पाणी उतरवायची, पोटॅशियम धरून ठेवणारी दुसरी.
शेवटच्या वर्षात मूत्रपिंडं दमली होती त्याची.
त्यालाही विचारलं होतं, याच काउंटरवर,
आणखी काही घेता का?
नाही म्हणाला. खोटं नव्हता बोलत.
मीठ कुणी घेत नाही. मीठ घालतात.
तिनं घातलं, रोज, बटाट्याच्या सूपमध्ये,
चव कमी लागते म्हणून थोडं जास्तच.

ती माझ्या चेहऱ्याकडं बघत होती.
एकतीस वर्षं ज्या बाईनं
रांगेतल्या चेहऱ्यांवरून ओळखलं
कोण परत येणार आहे, कोण नाही.

"हा मला चालेल?" एवढंच विचारलं तिनं.

म्हटलं, इथंच राहू द्या.

तिनं हातमोजे घातले, आधी डावा,
वेळापत्रक नीट दुमडून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.
दारावरची घंटा वाजून थांबली.

मी डबा हलवून पाहिला.
अर्ध्याहून कमी होता.